दत्तक मुलानं आपलं मूळ कसं शोधावं: खानदेशातल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी

आपल्याकडे आपण दत्तक आहोत ही गोष्ट मुलाला घरातून कळण्याआधी गावातून कळते. लग्नघरात कुणीतरी बोलून जातं आणि पोर घरी येऊन विचारतं, ‘मनी माय कोन शे?’ मी बरीच वर्षं एका दत्तक केंद्रात समाजकार्यकर्ती होते. आता निवृत्त आहे, तरी अशी मुलं नि त्यांचे आईबाप येतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

आधी दत्तक कोणत्या कायद्यानं झालं ते बघा. मामाचं, काकाचं मूल मांडीवर घेतलं असेल तर ते बहुधा 1956च्या हिंदू दत्तक कायद्याखाली. दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढा. देणाऱ्याची नि घेणाऱ्याची सही त्यावर असते. संस्थेतून घेतलं असेल तर आदेश असतो. जुना असेल तर कोर्टाचा, आणि 1 सप्टेंबर 2022 नंतर बहुधा जिल्हाधिकाऱ्यांचा. हा आदेश आईबापांच्या कपाटात असतोच. मुलांनो, तो लपून शोधू नका, मागा. आणि आईबापांनो, मागितला की द्या. पोरानं मूळ विचारलं म्हणजे ते तुमच्यापासून तुटलं, असं मी एकाही घरात पाहिलं नाही.

एक इथलीच अडचण. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी शहादा, तळोदा, अक्कलकुवा भागातून आलेल्या मुलाची कागदं धुळ्याच्या दप्तरात विचारा, नाहीतर नंदुरबारला नुसत्या चपला झिजतात.

आता अर्ज. 2022च्या दत्तक नियमावलीत मूळ शोधण्याची स्वतंत्र तरतूद आहे. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे देशभरातली दत्तकं पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकते. अठराच्या आतल्या मुलानं दत्तक आईबापांसोबत करायचा. तिसऱ्याला हा शोध घेता येत नाही. त्यामुळे ‘मी फाइल काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, आणि स्वतःचा लहानपणचा फोटो फेसबुकवर टाकून गावाचं नाव लिहू नका. संस्था बंद पडली असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी बालक कार्यालयात, लेखी विचारा नि पोच घ्या.

अर्जात फक्त ‘आईचं नाव द्या’ एवढंच लिहिलं तर उत्तर एका ओळीत येण्याची भीती असते. म्हणून मुद्दे पाडून लिहा: संस्थेत कधी आलो, कुणी आणलं, आलो तेव्हा तब्येत कशी होती, अंगावर काय होतं, बाल कल्याण समितीसमोर (निराधार मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) काय झालं. प्रवेश रजिस्टरमध्ये हे असतं. एका मुलीच्या नोंदीत होतं, ‘लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, कमरेला काळा करगोटा, कपाळावर काजळाचा टिळा.’ ती मुलगी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. टाकून देणारं माणूस टिळा लावत नाही, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आईनं मूल देताना ‘माझं नाव सांगू नका’ असं म्हटलं असेल, तर संस्था किंवा बाल संरक्षण कक्ष तिची लेखी संमती मागतो. ती नाही म्हणाली, किंवा सापडलीच नाही, तर नाव मिळत नाही. पण मूल कोणत्या परिस्थितीत नि कोणत्या कारणानं दिलं, हे तुम्हाला सांगावं लागतं. हा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. कारकुनानं ‘गोपनीय आहे’ म्हणून परत पाठवलं तर हाच नियम नम्रपणे पुढे करा.

आईचा नकार मात्र मानायचा. मूल देताना तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात, आणि त्या दोन महिन्यांत दाराशी येऊन न बोलता परत गेलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. आज तिचा संसार असेल, सासरी कुणाला काही ठाऊक नसेल. गाव कळलं म्हणून थेट जाऊन उभं राहू नका. भेटायचंच असेल तर निरोप अधिकाऱ्यामार्फत जाऊ द्या, आणि जागा तिला ठरवू द्या.

सापडलेल्या मुलाचा शोध वेगळा. भुसावळसारख्या जंक्शनवर मिळालेलं मूल कोणत्या गाडीनं, कुठल्या राज्यातून आलं याचा पत्ता नसतो. तिथे आईचं नाव कुणाकडेच नसतं; पण लोहमार्ग पोलिसांची नोंद, समितीचा आदेश आणि वर्तमानपत्रात फोटोसह दिलेली जाहिरात फाइलमध्ये असू शकते. त्या जाहिरातीची प्रत आवर्जून मागा. आपल्यासाठी कुणीतरी हाक दिली होती, हे छापील पाहणं फार मोठं असतं.

बाप मूल नाकारतोय, पोटगीचा वाद आहे, असा प्रश्न असेल तर हा अर्ज कामाचा नाही, वकील गाठा. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरतात आणि कोर्ट डीएनए चाचणी सहजासहजी मंजूर करत नाही. 2023 आणि 2025 साली सर्वोच्च न्यायालयानं हेच पुन्हा सांगितलं.

उत्तर टपालानं आलं तर एकट्यानं उघडू नका. कक्षातल्या समुपदेशकासमोर वाचा, आणि शक्य असेल तर ज्यांनी वाढवलं त्या आईबापांना शेजारी बसवा.