‘अठरा इंची चेन द्या’ एवढेच सांगू नका : चेनसॉची चेन आणि बार निवडताना या चुका टाळा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि वाड्यांमधली नारळ, सुपारी, आंबा, सुरूची झाडे आडवी झाली, त्यानंतरच्या महिन्यांत आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी चेनने लाकूड कापणारी यंत्रकरवत, आला. मशीन आले, पण त्याची चेन कशी मागायची हे कुणी सांगितले नाही. जुनी चेन झिजली की माणूस तालुक्याच्या दुकानात जातो, ‘अठरा इंची द्या’ म्हणतो आणि दुकानदार हाताशी असलेली अठरा इंची चेन काढून देतो. मीही नेमके हेच केले होते.

घरी येऊन नवी चेन जुनीशेजारी लोंबकळत धरली, तेव्हा दोन्हींची लांबी जवळपास सारखी दिसली. बारवर, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीवर, ती चढलीही. पण चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे स्प्रॉकेटच्या, दातांवर काही केल्या बसेना. म्हणून बारच्या खोबणीत फिरणाऱ्या खालच्या कड्या मोजल्या. जुन्या चेनला ७२ कड्या होत्या, नवीला ६२. जुनीचा पिच, म्हणजे कड्या जोडणाऱ्या रिव्हेटांमधले सरासरी अंतर, ०.३२५ इंच आणि नवीचा ३/८ इंच, म्हणजे एकीत कड्या जास्त पण एकमेकींच्या जवळ, तर दुसरीत कमी पण लांब लांब; म्हणून एकूण लांबीतला फरक अर्ध्या इंचाच्याही आत राहिला आणि डोळा फसला. इंच हे बारचे माप आहे, चेनचे नव्हे. चेनची ओळख पिच, गेज आणि कड्यांची संख्या या तीन आकड्यांनी होते; त्यांतला एकही चुकला तरी चेन बसत नाही किंवा नीट चालत नाही.

पिच मोजण्यासाठी लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्यांमधले अंतर घ्यावे आणि त्याचे निम्मे करावे. हे अंतर साडेसोळा मिलिमीटर भरले तर पिच ०.३२५, एकोणीस भरले तर ३/८. मात्र ३/८ मध्येही लहान मशीनसाठीची बुटकी, म्हणजे लो प्रोफाइल चेन आणि मोठ्या मशीनची पूर्ण उंचीची चेन असे दोन वेगळे प्रकार आहेत. दोन्हींच्या पाकिटावर ३/८ लिहिलेले असले तरी एकीचे स्प्रॉकेट दुसरीला चालत नाही.

गेज म्हणजे खोबणीत बसणाऱ्या कडीची जाडी. १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर ही नेहमी भेटणारी मापे आहेत. काही हलक्या मशीनना १.१ लागते. जाड कडी अरुंद खोबणीत जातच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. खरा त्रास उलट्या चुकीचा आहे. १.३ ची चेन १.५ च्या खोबणीत आरामात बसते, फिरते, लाकूडही कापते. पण ती एका अंगाला कलते, काप तिरका जाऊ लागतो आणि माणूस मात्र धारेला दोष देत कानस घासत बसतो. काप वाकडा जात असेल तर आधी चेन बोटाने दोन्ही बाजूंना हलवून पाहावी. ती खोबणीत डुलत असेल तर गेज चुकले आहे किंवा खोबण झिजून रुंदावली आहे. डुलत नसेल तर डाव्या-उजव्या दातांची लांबी सारखी आहे का ते मोजावे.

आता बारची लांबी. बाजारात ५८ सीसी म्हणून मिळणाऱ्या कित्येक मशीनबरोबर २२ इंची बार आणि ८६ कड्यांची चेन येते, आणि मोठा बार पाहून घेणारा खूश होतो. माझे स्पष्ट मत आहे की बाभूळ, चिंच, सुरू अशा कठीण लाकडासाठी एवढ्या इंजिनाला १८ इंचांचा बार पुरे. पूर्ण २२ इंच लाकडात रुतले की एकाच वेळी जास्त दात कापू लागतात, इंजिनाचे फेरे कमी होतात, क्लच तापतो, आणि चेनचे तेल टोकापर्यंत नीट न पोहोचल्यास बार निळा पडतो. आडव्या पडलेल्या, बारपेक्षा जाड खोडाला दोन्ही बाजूंनी काप देता येतो, त्यामुळे लहान बारने अडत नाही. दुसरी गोष्ट जिवाची आहे : बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकला तर मशीन उसळून अंगावर येते, आणि लांब बारचे टोक नेमके नजरेआड, फांद्यांच्या गुंत्यात असते. बार मोजताना मशीनच्या अंगापासून टोकापर्यंतचीच लांबी धरावी, आत झाकलेला भाग धरू नये.

दातांच्या आकाराचा विचार तर कुणी करतच नाही. चौकोनी कोपऱ्याचा फुल चिझल दात स्वच्छ लाकडात झपाट्याने चालतो, म्हणून त्याचे कौतुक होते. पण वादळात पडलेल्या सुरूच्या सालीत वाळू असते, खोड मातीत लोळलेले असते, आणि तिथे तो टोकदार कोपरा लवकर बोथट होतो. अशा कामाला गोलसर कोपऱ्याची सेमी चिझल चेन घ्यावी. ती थोडी सावकाश कापते, पण धार जास्त वेळ टिकवते. कापातून चिपांऐवजी पीठ पडू लागले, की जोर न लावता थांबून कानस घ्यावी : ०.३२५ च्या चेनला ४.८ मिलिमीटरची, ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची. खोड उभे चिरून फळ्या काढायच्या असतील तर साधी चेन खडबडीत आणि संथ काम करते. त्यासाठी सुमारे १० अंशांत धार लावलेली रिपिंग चेन वेगळी मिळते.

नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर चढवणे ही या सगळ्यांत महाग पडणारी काटकसर आहे. त्याच्या दातांवर अर्ध्या मिलिमीटरइतकी खाच पडली असेल तर ते स्प्रॉकेट नव्या चेनच्या कड्या खाऊन टाकते. साधारण दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेट बदलावे. दुकानात निघताना बारच्या मागच्या टोकावर कोरलेल्या आकड्यांचा फोटो घ्यावा; ते पुसले गेले असतील तर जुनी चेनच पिशवीत टाकून न्यावी आणि नव्या चेनच्या कड्या दुकानातच मोजून घ्याव्यात.