सेव्हरी म्हणजे खारट? तिखट? की नुसतं चविष्ट?

इंग्लिश रेसिपीत किंवा मेनूकार्डवर सेव्हरी शब्द दिसला की आधी एकच बघायचं, आसपास स्वीट लिहिलंय का. असेल तर सेव्हरी म्हणजे गोड नसलेलं, बास. आपण तिखटमिठाच्या पुऱ्या म्हणतो ना साधारण तसं, फक्त यात तिखट असेलच असं नाही, मी एकदा झणझणीत काहीतरी येईल म्हणून सेव्हरी मफिन मागवला आणि आलं काय तर चीज-पालक, मिरचीचा पत्ताच नाही.

डिक्शनरीत चविष्ट, रुचकर असं सापडतं, तेही चूक नाही, मूळ अर्थ तोच. लॅटिनमधे सापेरे म्हणजे चव असणं, चव घेणं आणि शहाणं असणंसुद्धा! त्यावरून सापोर म्हणजे चव, मग जुन्या फ्रेंचमधून शब्द इंग्लिशमधे आला. होमो सेपियन्समधलं सेपियन्स पण याच सापेरेचं, म्हणजे ज्याला चव कळते तो शहाणा, आपल्याकडे रसावरून रसिक झालाच की. (बेचव या अर्थाचा इन्सिपिड पण याच घरातला.)

आता वाक्यात सूप, मशरूम, सोया सॉस असं काही असेल तर बहुतेक वेळा उमामी ही चव म्हणायची असते. 1908 मधे जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट नावाचा चव देणारा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला उमामी नाव दिलं, इंग्लिशवाले ते समजवायला सेव्हरी वापरतात. मराठीत एक शब्द शोधत बसू नका, मटणाच्या अळणी रश्श्याची ती भरलेली चव आठवा, झालं.

अनसेव्हरी मात्र जपून. तो जास्त करून माणसाबद्दल किंवा भानगडीबद्दल येतो, ज्याच्या नादी लागू नये असला इसम. भाजी मिळमिळीत झाली तर ब्लँड म्हणा.

आणि अमेरिकन रेसिपीत एक चमचा सेव्हरी घाला असं असेल तर ती चव नाही, वनस्पती आहे, पुदिन्याच्या कुळातली, नाव लॅटिन सातुरेयावरून आलेलं. ब्रिटिश लोक चवीच्या सेव्हरीच्या स्पेलिंगमधे यू घालतात (savoury) म्हणून फरक कळतो, अमेरिकन दोन्हीकडे यू गाळतात, त्यामुळे चमच्याचं माप दिलंय का ते बघायचं. नाही मिळाली तर थाइम घाला, चालतं.