मित्र बुद्धिबळात हुशार असेल आणि मनाने कोलमडला असेल तर

सुरुवातीलाच एक ठरवून टाका: तुम्ही त्याचे कोच नाही. ओपनिंग कुठलं खेळावं, एन्डगेम कुठं कच्चा आहे, हे सांगायला त्याच्याकडे माणसांची रांग लागलेली असते. निकालाशी देणंघेणं नसलेला माणूस मात्र एकही नसतो. ती जागा रिकामी आहे, ती तुम्ही घ्या.

मी स्वतः सोळाशे रेटिंगच्या (खेळाची ताकद सांगणारा आकडा) आसपास घुटमळणारा खेळाडू. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे सांगलीत ज्याच्या त्याच्या घरी कुणीतरी पटावर बसलेलं असतं, तसा मीही बसलो. माझा मित्र त्यातला नव्हे. शाळेत असताना डोळ्यांवर रुमाल बांधून आम्हा तिघांशी एकदम खेळायचा आणि तिघांनाही गुंडाळायचा. पेपरात फोटो, शाल, नारळ, सगळं झालं. अकरावीत असताना एका स्पर्धेतून मध्येच उठून आला आणि पट माळ्यावर गेला. आज तो परत खेळतो. डॉक्टरांनी केलं ते डॉक्टरांनी, त्याने केलं ते त्याने. आम्ही मित्रांनी जे केलं तेवढंच इथं सांगतो.

आधी दुखणं ओळखा

हरल्यावर दोन दिवस तोंड पाडून बसला तर घाबरू नका, एवढं लागल्याशिवाय कुणी चांगला खेळाडू होत नाही. पण दोन आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवणावर मन नाही, अंघोळीचा कंटाळा, फोन उचलत नाही, आवडीचं काहीच नको, असं दिसलं तर नुसत्या गप्पांनी भागत नाही. आमच्याकडे पहिली खूण रात्री दोन-तीन वाजता दिसली. पोरगं फोनवर बुलेट खेळत बसायचं. एक मिनिटाचे डाव, हरला की लगेच पुढचा, तो हरला की त्याच्या पुढचा. घरच्यांना वाटायचं, किती मन लावून सराव करतोय. ज्याला खेळ कळतो त्यालाच हे वेगळं ओळखता येतं, म्हणून ही खूण तुम्ही धरायची.

‘तुला मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे’ असं मित्राने सांगितलं की समोरचा दार लावून घेतो. ‘झोपेचं काहीतरी बघू. चल, मी येतो, गाडी मी काढतो’ हे चालतं. नंबर लागेपर्यंत बाहेर शेजारी बसा, आत त्याला एकट्याला जाऊ द्या, बाहेर आल्यावर ‘काय म्हणाले?’ विचारू नका. लगेच डॉक्टर गाठणं जमत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तो करत नसेल तर ‘मित्राचं असं असं झालंय, मी काय करू’ म्हणून तुम्हीच फोन करा.

मरणाचं बोलला, अगदी हसत बोलला, तरी सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात?’ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ‘घरी सांगायचं नाही’ अशी शपथ घातली असेल तर ती मोडा.

गोळ्यांबद्दल. ‘डोकं जड होतं, स्पर्धेपुरत्या बंद करतो’ हे वाक्य कधी ना कधी येणारच. परस्पर काही बंद करायचं नाही, स्पर्धेच्या तारखा आधी डॉक्टरांना सांगायच्या. आणखी एक बारीक गोष्ट: फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, उत्तेजकांविरुद्धचे जागतिक नियम पाळतं. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांवर बंदी नाही. पण एकाग्रतेसाठी देतात ती मेथिलफेनिडेटसारखी औषधं स्पर्धेच्या काळात बंदीत येतात, त्यांना रीतसर परवानगी लागते. मित्र मोठ्या स्पर्धा खेळणारा असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

रेटिंगचा हिशेब

मी आकड्यांचा माणूस, त्यामुळे हा भाग मला पटकन दिसला. ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरपर्यंत, रेटिंग २३०० च्या खाली असलेल्या मुलाला के-फॅक्टर (एका डावाने गुण किती हलतात ते ठरवणारा आकडा) ४० लागतो. म्हणजे बरोबरीच्या खेळाडूशी हरलं की २० गुण गेले. आपल्यापेक्षा २०० गुणांनी खालच्याशी हरलं तर ३० गेले. मुरलेल्या मोठ्या खेळाडूला बहुधा के २० असतो, त्याचं नुकसान निम्मं. आता बघा, पोरगं एका वाईट आठवड्यात बरोबरीच्या पाच जणांशी हरलं की शंभर गुण साफ. जिंकल्यावर चढतंही तितक्याच वेगाने, हे खरं, पण ते त्या आठवड्यात कुणाला आठवत नाही. त्यात समोर बसलेली दहा-बारा वर्षांची पोरं फिडेच्या रेटिंग यादीत दिसतात त्याहून पुष्कळ तयारीची असतात. एक तारखेला नवी यादी लागते. एक तारखेलाच वडिलांचा पगारही होतो, पण आमच्या मित्राच्या घरी वाट यादीची जास्त बघितली जायची.

भरीला नातेवाईक. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकून एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. दोन्ही वेळा आपल्याला आनंद झाला आणि दोन्ही वेळा कुणीतरी मामा फोन करून म्हणाला, ‘बघ, आणि तू?’ अशा बातमीच्या दिवशी संध्याकाळी त्याला घराबाहेर काढा. कारण काहीही सांगा. आम्ही आयर्विन पुलावर जायचो आणि भडंग खात पाण्याची पातळी किती यावर वाद घालायचो.

तुमच्यापुरता नियम सोपा आहे: रेटिंग विचारायचं नाही, चोरून यादीत बघायचंही नाही. बघितलं की चेहऱ्यावर दिसतं.

परत पटावर

घाई करू नका. ‘चल एक डाव टाकू’ हे तुमच्याकडून यायला नको. पट दिसेल असा ठेवा, बस. आमच्या अडतीवर दुपारी माल उतरून झाला की हमाल आणि दिवाणजी खेळतात. मित्र डबा घेऊन यायचा आणि त्यांच्याकडे पाठ करून बसायचा. मग एक दिवस तोंड त्यांच्याकडे फिरवलं. मग एक दिवस म्हातारे दिवाणजी वजीर फुकट घालवायला निघाले तेव्हा याच्या तोंडून ‘अहो काका!’ निघून गेलं. मी खातेवहीतून मान वर केली नाही. केली असती तर तो उठून गेला असता.

पहिले डाव असे निवडा की ज्यात त्याचं पाठांतर कामाला येत नाही. आमच्याकडे दिवाणजींची जुनी हिंदुस्थानी पद्धत उपयोगी पडली. प्यादं कायम एकच घर चालतं, कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) नाही, शह बसलेला नसेल तर राजा एकदा घोड्यासारखी उडी मारतो, आणि प्यादं शेवटच्या ओळीत ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच मोहरं होतं. ओपनिंगची सगळी पुस्तकं इथं रद्दी. पहिल्याच डावात दिवाणजींचा राजा टुणकन उडी मारून मात चुकवून गेला आणि हा पोट धरून हसला. जुन्या काळचे हिंदुस्थानी खेळाडू मीर सुलतान खान याच पद्धतीवर वाढले आणि नंतर ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकले, १९२९, १९३२ आणि १९३३ साली. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘तुला बरं माहीत असतं सगळं.’ बऱ्याच दिवसांनी तो मला टोमणा मारत होता.

ऑनलाइन खेळणार असेल तर लिचेस या साइटवर सेटिंगमध्ये जाऊन रेटिंग दिसणंच बंद करता येतं, आणि डाव ‘कॅज्युअल’ लावला की गुण हलत नाहीत. बुलेट सुरुवातीला नकोच. दहा मिनिटांच्या आतलं काही खेळायचं नाही, असं आम्ही ठरवून घेतलं आणि रात्री अकरानंतर फोन त्याच्या आईकडे. काकू तो पिठाच्या डब्यावर ठेवायच्या. कडी-कुलूप काही नाही. तरी चाललं, कारण ठरवलं त्याने होतं.

मुद्दाम हरू नका. त्याला चार चालींत कळतं आणि अपमान वाटतो. हरायचं ते जीव तोडून हरा.

स्पर्धेच्या दिवशी

एकदम मोठी खुली स्पर्धा नको. आधी एका दिवसाची रॅपिड (झटपट डावांची), जमलं तर सांघिक. सांघिक सामन्यात हरलं तरी शेजारच्या पटावर बघायला काहीतरी असतं, आणि कॅन्टीनमध्ये एकटं बसावं लागत नाही. मग क्लासिकल, म्हणजे लांब डावांची. प्रत्येकाला नव्वद मिनिटं अधिक चालीगणिक तीस सेकंद असा वेळ असला की साठ चालींचा डाव चार तास जातो, आणि आपल्याकडे दिवसाला दोन फेऱ्या सर्रास असतात. सावरणाऱ्या माणसाला हे झेपत नाही. बऱ्याच स्पर्धांत आधी सांगितलं तर एखाद्या फेरीला अर्ध्या गुणाचा बाय मिळतो, म्हणजे न खेळता अर्धा गुण. माहितीपत्रक नीट वाचा, मधल्या एखाद्या सकाळचा मागून घ्या, आणि त्या सकाळी त्याला झोपू द्या.

सगळ्यात अवघड वेळ हरल्यानंतरची. हॉलच्या दाराशी पालक उभे असतात, पोरगं बाहेर पडताना दुरूनच भुवया उडवतात: काय? तिथं उभं राहू नका. फाटकाबाहेर, चहाच्या गाडीपाशी थांबा. तो येईल. पाण्याची बाटली हातात द्या आणि चालायला लागा. बोलला तर ऐका, नाही बोलला तर जेवायला कुठं जायचं ते ठरवा. डाव लगेच स्टॉकफिशला (डाव तपासणारं संगणकाचं इंजिन) लावू देऊ नका. इंजिन दोन सेकंदांत सांगतं की सत्ताविसाव्या चालीला जिंकत होतास, आणि तो आकडा घेऊन दुपारची फेरी खेळता येत नाही. बघायचंच असेल तर रात्री जेवण झाल्यावर, आधी तोंडाने: ‘तुला कुठं काय वाटत होतं?’ माझ्यासारख्या सोळाशेवाल्याला त्यातलं निम्मं कळत नाही. ते चांगलंच आहे, कारण मला समजावताना त्याला सावकाश बोलावं लागतं.

जिंकल्यावरही हेच. तीच बाटली, तेच चालणं. जिंकल्यावर तुम्ही नाचलात तर पुढं हरेल तेव्हा त्याला तुमच्याही चेहऱ्याची भीती वाटेल.

घरच्यांना हे पटवणं वेगळंच काम आहे. मित्राच्या वडिलांना मी चीनच्या डिंग लिरेनची गोष्ट सांगितली. २०२३ मध्ये अस्तानाला जगज्जेतेपदाच्या लढतीत पहिल्याच डावानंतर त्याने पत्रकारांसमोर कबूल केलं की मन उदास आहे. दुसरा डाव हरला. सोबतीला मदतनीस म्हणून रिचर्ड रॅपोर्ट होता, स्वतः पहिल्या फळीतला खेळाडू. चौदा डावांत ७-७ झालं आणि रॅपिड टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडायच्या डावांत) समोरच्या नेपोम्नियाचीला हरवून डिंग जगज्जेता झाला. वडील म्हणाले, ‘म्हणजे बरा झाला ना?’ नाही झाला. त्यानंतर महिनोन्‌महिने तो खेळला नाही, नैराश्याबद्दल उघड बोलला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेशकडून हरला. तिथंही तो चौदाव्या डावापर्यंत बरोबरीत टिकला होता. वडील बराच वेळ गप्प बसले. मग आपल्या ग्रँडमास्टर वैशालीचं सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये चेन्नईत सलग सात डाव हरली, समरकंदच्या महिलांच्या ग्रँड स्विस स्पर्धेला जाणारच नव्हती, जवळच्यांनी समजूत घालून पाठवलं, आणि सप्टेंबरमध्ये ती स्पर्धा तिने जिंकली. ही गोष्ट त्यांना जास्त आवडली, साहजिक आहे. मला विचाराल तर डिंगची जास्त कामाची.

एकट्याने हे सगळं ओढू नका. आम्ही चौघे होतो. एक डॉक्टरकडे जाणारा, एक सिनेमाला नेणारा, एक नुसता फोनवर शिव्या देणारा. स्पर्धेला मी जायचो, कारण हळदीचा हंगाम संपला की मला रजा मिळते.

शेवटी कागदपत्रांचं. बरीच वर्षं खेळ सुटला असेल तर फिडेच्या यादीत नावापुढं ‘इनॲक्टिव्ह’ अशी खूण दिसते. वर्षभर एकही रेटेड डाव न खेळल्याने ती येते. रेटिंग पुसलं जात नाही, परत रेटेड खेळलं की खूण निघते. त्याला हे माहीत असेल असं धरून चालू नका, आमच्या मित्राला वाटत होतं की सगळं शून्यावर गेलं. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी ऑनलाइन होते, ती आधी करून घ्या. फॉर्म भरताना शेजारी बसा. जुन्या खात्याला बहुतेक वडिलांचाच मोबाइल नंबर जोडलेला असतो आणि ओटीपी तिकडे जातो. सगळ्यात आधी तो नंबर बदलून घ्या.