स्लिम फोन दिवसभर पुरेल का? घेण्याआधी घरीच हिशोब करा

5.8 मिमी जाडीचा गॅलेक्सी एस25 एज हातात मस्त वाटतो, पण बॅटरी 3900 एमएएच (एमएएच म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचं माप). 7.3 मिमीच्या एस25 प्लसमध्ये ती 4900 आहे. दीड मिलिमीटरसाठी हजार एमएएच सोडायचे का, हे एम. जी. रोडवरच्या दुकानात ठरवू नका.

1. जास्त वापराचा दिवस निवडा. नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन यायचा दिवस उत्तम. कसारा घाटात रेंज शोधताना फोन जास्त बॅटरी खातो.
2. सकाळी सध्याचा फोन 100 टक्के चार्ज करून निघा, मध्ये चार्जिंग नाही. रात्री उरलेले टक्के लिहून ठेवा.
3. समजा 5000 एमएएचच्या फोनमध्ये 30 टक्के उरले, म्हणजे 3500 वापरले. फोन जुना असेल तर सेटिंग्जमधल्या बॅटरी हेल्थने (मूळ क्षमतेपैकी उरलेले टक्के) गुणा: 85 टक्के असेल तर खरा खर्च 2975. हेल्थ दिसत नसेल तर 3500 च धरा.
4. नव्या फोनच्या क्षमतेतून 20 टक्के वजा करा. 3900 चे 3120 राहतात. खर्च त्याच्या आत बसला तरच घ्या.

बसत नसेल तर "पॉवर बँक आहेच की" म्हणू नका. 10000 एमएएचची पॉवर बँक साधारण 200 ग्रॅमची, एज 163 ग्रॅमचा. मग कसला स्लिम? जाडीही कव्हर घालूनच बघा.

एक मात्र सांभाळा: अँड्रॉइड आणि आयफोनचे एमएएच थेट ताडून पाहू नका, दोघांचा खर्च वेगळा असतो.