परदेशात शिकताना रुळायला वेळ लागतोय? या चुका टाळा

परदेशात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कशात लक्ष लागेनासं झालं, की सगळं एकाच नावावर खपवलं जातं: कल्चर शॉक. वर्गात तोंड उघडत नाही, झोप लागत नाही, असाइनमेंटला गुण कमी पडले, रूममेटशी वाजलं, कारण तेच. उपाय चुकण्याची सुरुवात इथेच होते.

दोन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध

सर्ल आणि वॉर्ड या संशोधकांनी १९९० मध्ये न्यूझीलंडमधल्या मलेशियन आणि सिंगापुरी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. रुळण्याच्या दोन बाजू त्यांनी वेगळ्या मांडल्या. एक मनाची: बरं वाटतंय की नाही. दुसरी व्यवहाराची: रोजची कामं तिथल्या रीतीने जमतात की नाही. पहिलीवर आधार देणारी माणसं, स्वभाव आणि आयुष्यातले बदल यांचा परिणाम होतो. दुसरी सराव, भाषा आणि स्थानिकांशी येणारा संबंध यांनी सुधारते.

प्रत्यक्षात गल्लत अशी होते. प्राध्यापकांना काय विचारायचं आणि कसं, हे ठाऊक नसतं. ही व्यवहाराची अडचण. त्यावर विद्यार्थी करतो काय? घरी तासभर फोन. मन हलकं होतं, पण दुसऱ्या दिवशी प्रश्न जागच्या जागी. उलटही घडतं: मन खचलेलं असतं आणि तो ‘भाषा सुधारली की सगळं ठीक होईल’ म्हणून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत शब्द पाठ करत बसतो.

दोन आठवडे एक वही ठेवा. दिवसात जिथे अडलात, तिथे एका ओळीत प्रसंग आणि पुढे एक खूण: ‘काय करायचं कळलं नाही’ की ‘कळत होतं, पण अंगात त्राण नव्हतं’. पहिल्या खुणा जास्त असतील, तर माहिती आणि सराव हवा. दुसऱ्या जास्त असतील, तर झोप, माणसं आणि वेळ पडल्यास समुपदेशक. बहुतेकांच्या वहीत पहिल्या खुणा अपेक्षेपेक्षा जास्त निघतात, आणि ती चांगलीच बातमी आहे, कारण त्या लवकर सुटतात.

‘आधी मजा, मग घसरण, मग आपोआप ठीक’ या आलेखावर विसंबणं

ओरिएंटेशनमध्ये, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या माहितीसत्रात, हमखास दाखवला जाणारा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख स्व्हेरे लिसगार्ड या संशोधकाच्या १९५५ च्या लेखातून आला. फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या लोकांचा तो अभ्यास होता. त्यात एकाच माणसाच्या मागे महिनोन्‌महिने जाऊन नोंदी घेतल्या नव्हत्या. कमी-जास्त काळ राहिलेल्या वेगवेगळ्या माणसांची तुलना होती. पुढे १९९८ मध्ये वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा त्रास सर्वांत जास्त दिसला तो पोहोचल्या पोहोचल्या.

म्हणून पहिल्या आठवड्यातच रडू आलं, तर तुमच्यात काही बिघाड आहे असं नाही. आणि चौथ्या महिन्यात गाडी अडली, तर ‘ही ठरलेली घसरण आहे, जाईल’ म्हणून गप्प बसण्यातही अर्थ नाही. नुसता काळ गेल्याने अडचण सुटत नाही. त्या काळात काय केलं, यावर ते ठरतं.

न समजता मान डोलावणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते. दुसऱ्या भाषेत, वेगाने, अनोळखी उच्चारात सूचना मिळतात. पुन्हा विचारायचा संकोच वाटतो, म्हणून ‘हो, हो’ होतं. समोरच्याला वाटतं समजलं. तीन आठवड्यांनी चुकीचं काम समोर येतं आणि तोवर दोघांचाही वेळ गेलेला असतो.

‘पुन्हा सांगाल का?’ एवढंच विचारलं, तर तेच वाक्य त्याच वेगाने परत येतं. त्याऐवजी आपल्याला जे कळलं ते आकड्यांसकट परत सांगा: ‘म्हणजे मंगळवारपर्यंत दोन पानं, फक्त पद्धतीचा भाग, निष्कर्ष आत्ता नको, बरोबर?’ चूक असेल तर समोरचा नेमकी तेवढीच दुरुस्त करतो. भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल करून तेच मुद्दे लिहून ठेवा. पुढे ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ हा वाद उद्भवत नाही.

अभिप्रायाचंही तसंच. काही ठिकाणी प्राध्यापक ‘हा भाग जरा बघा’ इतक्या सौम्य शब्दांत सांगतात आणि त्याचा अर्थ ‘हा भाग पुन्हा लिहा’ असा असतो. काही ठिकाणी थेट ‘हे चूक आहे’ म्हणतात, त्यात राग काडीचाही नसतो. अंदाज बांधत बसू नका. विचारा: ‘हा बदल केला नाही, तर गुण जातील का?’ या प्रश्नाचं उत्तर सौम्य भाषेत गुंडाळता येत नाही.

सेमिनारमध्ये योग्य क्षणाची वाट पाहणं

बोलण्यात मोकळी जागा मिळेल, मग बोलू, असं म्हणून बसलात तर तास संपतो. आपला मुद्दाही तोवर दुसऱ्या कुणी मांडलेला असतो आणि दडपण वाढतं. आदल्या दिवशी एक प्रश्न लिहून ठेवा आणि पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाका. प्रश्न साधाच असू द्या, उदाहरणार्थ ‘लेखकाने हाच नमुना का निवडला असेल?’ एकदा आवाज फुटला की पुढचं सोपं होतं. फारच जड जात असेल, तर सेमिनार घेणाऱ्यांना आधी भेटून ‘मला दुसरा किंवा तिसरा नंबर द्या’ सांगायला हरकत नाही.

शब्द बदलले म्हणजे मजकूर आपला झाला, हा समज

वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणं लबाडीतून येत नाहीत, नोंदी काढण्याच्या सवयीतून येतात. लेखातला परिच्छेद जसाच्या तसा फाइलमध्ये चिकटवला जातो, पंधरा दिवसांनी तो कुणाचा हे आठवत नाही, मग त्यातले चार-सहा शब्द बदलून तो निबंधात जातो. वाक्याची चौकट मूळ लेखकाचीच राहते आणि तपासणारा ती लगेच ओळखतो.

नोंद काढतानाच मूळ शब्द अवतरणचिन्हांत घ्या आणि शेजारी पान क्रमांक टाका. स्वतःच्या शब्दांत लिहायचं असेल, तर परिच्छेद वाचा, मिटा, पाच मिनिटं दुसरं काही करा, मग न बघता लिहा. त्यानंतर मूळ उघडून अर्थ ताडा आणि संदर्भ द्या. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी कल्पना दुसऱ्याची आहे, त्यामुळे संदर्भ द्यावाच लागतो. आणि मित्राला ‘फक्त बघायला’ आपली असाइनमेंट देऊ नका. त्याने उतरवली, तर बऱ्याच विद्यापीठांत देणाऱ्यावरही कारवाई होते.

गुण जुन्या मोजपट्टीने मोजणं

ब्रिटनमध्ये ७० किंवा जास्त म्हणजे प्रथम श्रेणी. ६५ गुण चांगले असतात, पण नव्वदीची सवय असलेला विद्यार्थी ते पाहून हादरतो. जर्मनीत आकडे उलटे चालतात: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर उत्तीर्ण, ५.० नापास. पहिल्या निकालाआधीच विभागाची गुणपद्धती वाचा. घरच्यांनाही ती समजावून सांगा, नाहीतर फोनवर उगाच चिंतेचं वातावरण होतं.

फक्त आपल्या माणसांत राहणं, किंवा त्यांना कटाक्षाने टाळणं

पहिलं टोक सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरंही तितकंच घातक, पण त्याला लोक कौतुकाने ‘मिसळून जाणं’ म्हणतात. स्टीफन बॉखनर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हवाईतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला. तीन प्रकारची वर्तुळं दिसली आणि प्रत्येकाचं काम वेगळं होतं: स्वदेशी मित्र मनातलं बोलायला, स्थानिक मित्र अभ्यास आणि कामाच्या अडचणींसाठी, इतर देशांतले विद्यार्थी विरंगुळ्याला. एका वर्तुळाकडून तिन्ही कामांची अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली.

स्थानिक मित्र जुळत नाहीत, ही तक्रार पहिल्या सत्रात हटकून ऐकू येते. इथे थोडा हिशेब करावा. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, मैत्री व्हायला ९० तास आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात असं दिसलं. आठवड्यातून दोन तास भेटलात, तर जुजबी मैत्रीलाच सहा महिने लागतील. त्या लोकांना रस नाही असा निष्कर्ष सहाव्या आठवड्यात काढणं म्हणजे घाई.

मोठ्या पार्ट्या यात फारशा उपयोगी नाहीत. दर वेळी नवे चेहरे, तास जमतच नाहीत. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच माणसांबरोबर होणारं काही निवडा: खेळ, गायनवृंद, स्वयंसेवी काम, प्रयोगशाळेतला गट. निदान आठ आठवडे सोडू नका.

नियम ‘सगळे करतात’ म्हणून मोडणं

यात चर्चेला जागा नाही. विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या मर्यादा देशागणिक वेगळ्या आहेत आणि बदलतात. ब्रिटनमध्ये पदवी वा पुढच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास, आणि आठवडा सोमवार ते रविवार धरतात. एका आठवड्यात २५ आणि पुढच्यात १५ केले, तर सरासरी बसते, पण नियम मोडलेला असतो. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. कॅनडात कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास. मोबदल्याचं ऑनलाइन काम ‘ते तर घरबसल्या करतोय’ म्हणून सुटत नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. मित्राचा सल्ला घेऊ नका, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा.

घर आणि रूममेट

खोली प्रत्यक्ष किंवा थेट व्हिडिओवर पाहिल्याशिवाय आणि करार वाचल्याशिवाय पैसे पाठवू नका. ताबा घेतला त्याच दिवशी भिंती, गादी, नळ, खिडक्यांचे फोटो काढून घरमालकाला ईमेल करा. डिपॉझिट परत मिळताना तारीख असलेला हाच पुरावा कामी येतो. रूममेटशी आवाज, पाहुणे, सफाई आणि हीटर यांवर पहिल्याच आठवड्यात बोला. तिसऱ्या महिन्यात तोच विषय तक्रार म्हणून निघतो.

रात्रीचा फोन आणि उशिरा मागितलेली मदत

घरच्यांशी रोज बोलण्यात काही गैर नाही. घोटाळा वेळेचा होतो. वेळेतल्या फरकामुळे फोन मध्यरात्री जातो, झोप कमी पडते, सकाळचं लेक्चर बुडतं, त्याचं वाईट वाटून रात्री पुन्हा फोन. वेळ दिवसाउजेडी ठरवा, रोज छोटा आणि आठवड्यातून एकदा मोठा.

मन खिन्न असणं, कशात रस न वाटणं, झोप किंवा भूक बिघडणं हे दोन आठवडे जवळपास रोज चालू राहिलं, तर ते रुळण्याच्या नेहमीच्या त्रासात मोडत नाही. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची वेळ घ्या. तिथलं बोलणं विभागाला कळेल, व्हिसावर परिणाम होईल या भीतीने अनेक जण जात नाहीत. जिवाला धोका असल्यासारखे अपवाद सोडले, तर असं बोलणं सहसा गोपनीय राहतं, आणि ते अपवाद कोणते हे पहिल्याच भेटीत विचारता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका: युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका आणि कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००.

मुदतवाढ हवी असेल, तर अर्ज डेडलाइनच्या आधी करा आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाचं पत्र जोडा. नंतर केलेल्या अर्जात कारण तितकंच खरं असलं, तरी आधी का कळवलं नाही, याचाही खुलासा द्यावा लागतो.