घरी बोर्ड बनवायचाय? मग कीकॅडमध्ये आधी हे बदला

कीकॅड हे सर्किट बोर्डाचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि घरच्या बोर्डाला पुरून उरतं, पण त्याच्या मूळ सेटिंग फॅक्टरीत बनणाऱ्या बोर्डाच्या हिशोबाने असतात, म्हणजे ट्रॅक (पार्ट जोडणारी तांब्याची रेघ) ०.२ मिमीचा वगैरे. आपण लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीने तांब्यावर चिकटवणार आणि बाकीचं तांबं विरघळवायला बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये टाकणार, तिथे एवढा बारीक ट्रॅक कुठेतरी खाल्ला जातोच. त्यामुळे एकही ट्रॅक ओढायच्या आधी बोर्ड सेटअपमध्ये नेट क्लासेस (ट्रॅकचे नियम) उघडा आणि ट्रॅक ०.८, क्लिअरन्स म्हणजे दोन ट्रॅकमधलं अंतर ०.५, सप्लायला वेगळा क्लास करून १.५ मिमी असं भरून टाका. एकदा भरलं की पुढे सॉफ्टवेअरच तुम्हाला अडवतं, प्रत्येक ट्रॅकला वेगळं बघत बसावं लागत नाही.

समजा टाकी भरल्याचा अलार्म करतोय, एक ५५५ टायमर आयसी, एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बझर आणि चार रेझिस्टर. स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) काढणं सोपं आहे त्यावर वेळ घालवत नाही, खरी गंमत फूटप्रिंट, म्हणजे पार्टच्या पायांचा बोर्डावरचा साचा, निवडताना. ५५५ ला डीआयपी-८ चा लाँगपॅड्सवाला घ्या, कारण पॅड (पाय सोल्डर करायचा तांब्याचा तुकडा) छोटा असला की ड्रिल जरा सरकलं तरी सगळं तांबं उडतं आणि सोल्डर धरायला काही उरत नाही. बीसी५४७ ला टीओ-९२ इनलाइन घेतला तर पाय १.२७ मिमीवर येतात, पॅड एकमेकांना चिकटल्यासारखेच, तिथे शॉर्ट हमखास. इनलाइन वाइड घ्या, त्यात पाय २.५४ वर येतात, ट्रान्झिस्टरचे पाय थोडे फाकवायचे बस्स.

आता एफ८ दाबून सगळं बोर्डावर आणा आणि लगेच ट्रॅक ओढायला जाऊ नका प्लीज! आधी पार्ट हलवा, फिरवा, कुठला पाय कुठे जोडायचा ते दाखवणाऱ्या बारीक पांढऱ्या रेषा कमीत कमी एकमेकींना कापतील असं बघा, मी तर अर्ध्याहून जास्त वेळ इथेच घालवतो आणि तो कधीच वाया जात नाही. मग एक्स दाबून सगळे ट्रॅक खालच्या तांब्यावर, म्हणजे बी.सीयू लेयरवर. एखादा अडलाच तर तेवढा वरच्या लेयरवर सरळ रेषेत घ्या, दोन्ही टोकांना २ मिमीचे व्हाया (वरचा-खालचा लेयर जोडणारी भोकं) द्या, नंतर तिथे रेझिस्टरचा कापलेला पाय जंपर म्हणून लावायचा. आयसीच्या दोन पायांमधून ट्रॅक काढायचा मोह टाळा, त्यापेक्षा जंपर परवडला.

रिकाम्या जागेत ग्राउंडचा झोन, म्हणजे ग्राउंडला जोडलेलं सलग तांबं, भरा, त्यासाठी बी ही की दाबा. कमी तांबं विरघळवायचं म्हणजे फेरिक क्लोराइड जास्त दिवस पुरतं. मग डीआरसी (डिझाइनचे नियम तपासणारी चाचणी) चालवा, एरर शून्य झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

प्रिंट लेझरवरच, इंकजेट चालत नाही. स्केल १:१ ठेवा आणि प्रिंटरच्या खिडकीत "फिट टू पेज" बंद आहे ना बघा. ड्रिल मार्क छोटा ठेवा, पॅडच्या मधोमध ठिपका राहतो त्यात ड्रिलचं टोक बरोबर बसतं. आणि मिररचं नीट समजून घ्या, कारण माझा पहिला बोर्ड यातच गेला, आयसी उलटा बसवायची वेळ आली होती. बी.सीयू आपल्याला स्क्रीनवर वरून आरपार दिसतो, कागद तांब्यावर पालथा पडला की तो आपोआप सुलटा होतो, म्हणून मिरर करायचं नाही. खात्रीसाठी त्या लेयरवर मिरर्ड टिक करून दोन अक्षरं टाका, कागदावर ती उलटी दिसली तर बरोबर.

ग्लॉसी कागद वापरायच्या आधी साध्या कागदावर एक प्रिंट काढून पट्टी लावा, ५५५ च्या १ आणि ४ नंबर पॅडमधलं अंतर ७.६२ मिमी यायला हवं. आलं तर तो कागद थर्माकोलवर ठेवून खरेच पार्ट टोचून बघा, बझर बसतो का, एखादा पार्ट दुसऱ्यावर आदळतो का, इथे चूक सापडली तर फक्त एक कागद जातो.