वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी रसायनमुक्त बाग

महिन्यातले दहा-बारा दिवस घराबाहेर असणाऱ्याने गावाकडे बाग करताना आधी आपल्या गैरहजेरीला चालतील अशीच पिके निवडावीत. भेंडी, काकडी, घेवडा ही वेळेवर तोडली नाहीत तर जून होतात, आणि झाडावर बी पक्व होऊ लागले की नवी फळे धरणे मंदावते. हळद, आले, रताळी मात्र काढणीस थोडा उशीर झाला तरी जमिनीखाली खुशाल राहतात. बाग आपली वाट पाहू शकली पाहिजे, हा माझा निवडीचा निकष आहे.

निघण्यापूर्वी वाफ्यांना खोलवर पाणी द्यावे आणि त्यानंतरच वाळलेल्या पाल्याचे किंवा गवताचे ८ ते १० सेंटिमीटर जाडीचे आच्छादन पसरावे, कारण कोरड्या मातीवर आधीच आच्छादन टाकल्यास हलका पाऊस खालपर्यंत पोहोचत नाही. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर सततच्या ओलाव्याने साल कुजते. नाजूक रोपांजवळ चकाकीचा लेप नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे. माती सुकेल तसे पाणी मडक्यातून पाझरते आणि ती ओली असताना पाझर मंदावतो. तोंडावर झाकण हवेच, अन्यथा डासांची सोय होते.

परतल्यावर शेंड्यांवर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर लगेच फवारणीकडे वळू नये. आधी पाने उलटून पाहावीत. काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या लांबट अळ्या बहुधा ढालकिड्याच्या (लेडीबर्ड बीटलच्या) असतात आणि त्या मावा फस्त करतात. (रूपाने त्या प्रौढ किड्यासारख्या मुळीच नसल्याने मी एकदा त्यांनाच कीड समजून चिरडले होते.) मावा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा. तेवढ्याने भागले नाही, तरच एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल, थोडा सौम्य साबण घालून नीट मिसळावे आणि मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारावे. नत्रयुक्त खताचा अतिरेकही टाळावा, कारण लुसलुशीत कोवळी वाढ माव्याला विशेष आवडते.

तण फुलोऱ्यापूर्वी कापून जागेवरच पसरावे. झेंडू, तुळस आणि माठ यांची काही झाडे मात्र बी गळेपर्यंत तशीच ठेवावीत, म्हणजे पुढच्या हंगामात आपण प्रवासात असलो तरी रोपे आपोआप उगवतात आणि आल्यावर फक्त विरळणी करावी लागते.